आडव्या वाऱ्यातले तीन सेकंद

"ज्ञानूमामा, वारा किती?"

रेडिओत आधी नुसती खरखर आली. मग ज्ञानू साळुंख्याचा आवाज आला, तोही वाऱ्यानं फाटलेला. "अठरा हाय सायेब. पन मधीच तीस मारतोय, बत्तीस मारतोय. काटा एका जागी थांबंना."

"दिशा?"

"पश्चिम. दुसरी कंची असनार?"

बरोबर होतं त्याचं. गव्हाणीच्या पठारावर मे महिन्यात दुसरी दिशा नसतेच. म्हणून तर बापूसाहेब खराड्यांनी तिथं पवनचक्क्या उभ्या केल्या होत्या, रांगेनं, उत्तरेकडून दक्षिणेकडे, तोंडं पश्चिमेला करून. आणि मग विमान घेतलं तेव्हा दोन रांगांच्या मधे जी पट्टी उरली होती तिथंच धावपट्टी केली. धावपट्टी नेहमी वाऱ्याच्या तोंडावर बांधतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. आमची वाऱ्याला आडवी होती. मी त्यांना एकदा म्हणालो होतो तर म्हणाले, "कॅप्टन, चक्की वाऱ्यावर कमावते, तुमचं विमान नुसतं खातं. मोक्याची जागा कुणाला द्यायची?"

ज्ञानूमामा म्हणजे त्या धावपट्टीचा राखणदार, हवामान खातं आणि अग्निशमन दल, सगळं एकच माणूस. वारा मोजायचं यंत्र आणि रेडिओ वापरायला मीच त्याला शिकवलं होतं. खांबावरच्या कापडी नळीला, जी फुगून वाऱ्याची दिशा दाखवते, तो 'विजार' म्हणायचा. विजार आडवी झाली की विमानानं यायचं नाही, एवढं त्याला पक्कं कळलं होतं. त्या दिवशी विजार आडवी तर होतीच, वर काठीसारखी ताठ होती.

विमान आमचं सहा जणांचं, दोन इंजिनांचं, पंख्यांवर चालणारं. डाव्या खुर्चीत मी, कॅप्टन वसंत उपासनी, अकरा हजार तास उडालेला. उजवीकडे हेमलता सातपुते, माझी सहवैमानिक, वय सव्वीस. मागे बापूसाहेब, त्यांच्या पत्नी वहिनीसाहेब आणि मुंबईचे दोन पाहुणे. मधे दार नाही की पडदा नाही, म्हणजे आम्ही पुढे बोललेलं मागे ऐकू जायचं आणि मागचं पुढे.

हेमानं मांडीवरच्या वहीत ज्ञानूमामाचे वाऱ्याच्या वेगाचे आकडे, नॉटमधले, लिहिले आणि हळूच म्हणाली, "सर, आपल्या विमानाची आडव्या वाऱ्याची चाचणी सतरा नॉटपर्यंतच झालेली आहे."

"माहीत आहे मला."

"कोल्हापूर पंचवीस मिनिटांवर आहे. तिथली धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. हा वारा सरळ समोरून मिळेल. इंधन भरपूर आहे."

ती जे बोलली ते मीच तिला तीन वर्षं शिकवलं होतं. फ्लाइंग क्लबमधे ती आली तेव्हा इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याची मुलगी, शिष्यवृत्तीवर आलेली, कुणाच्या नजरेत भरायची नाही. पण आकडेमोड अशी की मी तिला पहिल्या महिन्यातच हेरली. इथं नोकरीलाही मीच आणली. त्याच आठवड्यात तिच्या कमांडचा कागद माझ्या टेबलावर होता. कमांड म्हणजे डाव्या खुर्चीत बसून स्वतःच्या जबाबदारीवर विमान न्यायचा अधिकार. माझी सही झाली की ती कॅप्टन होणार होती, आणि घरी तिनं ते सांगूनही टाकलं होतं.

बापूसाहेब मागून पुढे वाकले. "कोल्हापूर? कोल्हापुरात माझी एकसष्ठी आहे का ताई?"

पाहुणे हसले. त्या दिवशी बापूसाहेबांची एकसष्ठी होती. खाली पठाराच्या टोकाला मांडव दिसत होता, चार हजार माणसं बसलेली, आणि मांडवाचं कापड एवढ्या उंचीवरूनही फडफडताना दिसत होतं.

"कॅप्टन," बापूसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लोक तासभर ताटकळत बसलेत. तुम्ही म्हणाल तसं. पण अकरा हजार तास म्हणजे काय नुसती गणती का?"

त्या माणसानं माझ्यावर बळजबरी केली असती तर बरं झालं असतं. आवाज चढवला असता तर मीही चढवला असता आणि नाक वळवून कोल्हापूर गाठलं असतं. पण त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मी मूर्ख फुगलो.

"एकदा बघून येऊ," मी म्हणालो.

'नुसतं बघू' म्हणून साडीच्या दुकानात गेलेलं माणूस रिकाम्या हातानं परत येतं का? वैमानिकाचंही तसंच असतं. हेमानं चाकं सोडायचा खटका दाबला, तीन हिरवे दिवे लागले, आणि तिनं पट्टा आवळून घेतला.

आडव्या वाऱ्यात उतरायची रीत अशी, की विमानाचं नाक थोडं वाऱ्याकडे वाकडं ठेवायचं. खेकड्यासारखं तिरपं तिरपं यायचं. वेग नेहमीपेक्षा थोडा जास्त ठेवायचा. आणि जमिनीजवळ आलं की पायानं नाक सरळ करायचं, वाऱ्याकडचा पंख थोडा खाली ठेवायचा, म्हणजे विमान पट्टीवरून वाहून जात नाही. हे सगळं वारा एकसारखा असेल तर. झोतांचा वारा असला की तुम्ही अठराचा हिशेब करता आणि तो बत्तीस मारतो, तुम्ही बत्तीसचा करता तर तो हात सोडून देतो.

तीनशे फुटांवर पहिला दणका बसला. उजवा पंख वर गेला, वहिनीसाहेबांच्या तोंडून देवीचं नाव निघालं. मी सावरलं. दोनशेवर दुसरा. वेगाचा काटा पंधरा नॉटनी खाली आला आणि परत वर गेला. शंभर फुटांवर तिसरा झोत आला तो असा, की धावपट्टी समोरून सरकून खिडकीत आली. विमान कोसळायच्या आधी वाजतो तो भोंगा एकदा कुंईकन वाजला.

"सर, गो-अराऊंड," हेमा म्हणाली. गो-अराऊंड म्हणजे उतरायचं सोडून इंजिनांना पूर्ण ताकद द्यायची आणि पुन्हा वर जायचं. आवाज शांत होता तिचा. नियमाप्रमाणे दोघांपैकी कुणीही एकानं हा शब्द उच्चारला की दुसऱ्यानं वाद न घालता वर जायचं असतं.

मी गेलो नाही.

"फिरा सर! फिरा!"

पुढचे तीन सेकंद गेले आणि चाकं टेकली. डावं चाक आधी, करकचून, मग उजवं, मग पुढचं. विमान पट्टीच्या डाव्या कडेला गेलं, तिथून मी ते ब्रेकवर मधे आणलं, आणि शेवटच्या खुणेच्या अलीकडे वीस पावलांवर उभं राहिलं. मागे टाळ्या वाजल्या. पाहुण्यांपैकी एकजण "ब्राव्हो, ब्राव्हो" करत होता.

ज्ञानूमामा धापा टाकत आला. त्यानं आधी विमानाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला. "सायेब, म्या डोळंच मिटलं हुतं," एवढंच म्हणाला.

मांडवात बापूसाहेबांच्या गळ्यात हार पडले, तुतारी वाजली, एकसष्ठ सवाष्णींनी ओवाळलं. आणि मग त्यांनी माइक हातात घेऊन जाहीर केलं, की आपल्या सत्काराआधी एक सत्कार व्हायचा आहे. मला व्यासपीठावर बोलावलं. जांभळा फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला.

"मंडळी," बापूसाहेब म्हणाले, "आज मी तुमच्यापुढं उभा आहे तो या माणसामुळं. वर काय वारा होता! आमच्या ताई तर सारख्या म्हणत होत्या, फिरा, फिरा! आणि कॅप्टन? मी पाठीमागनं बघत होतो. यांचा खांदासुद्धा हलला नाही हो!"

चार हजार माणसं हसली आणि चार हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या. हेमा व्यासपीठाच्या कडेला विमानाची कागदपत्रं छातीशी धरून उभी होती.

"कॅप्टनसाहेब, दोन शब्द," निवेदक म्हणाला आणि माइक माझ्यापुढे आला.

आपल्याकडे माणसाला शाल घातली की दोन शब्द बोलावेच लागतात. मला खरोखर दोनच शब्द बोलायचे होते. 'तिचं बरोबर होतं.' हे फार तर तीन होतात. ते ओठांपर्यंत आले होते की नाही, आज शपथेवर सांगता येणार नाही. जे आलं ते हे होतं:

"नव्या सुनेला चुलीची धग जरा जास्तच लागते. चार स्वयंपाक झाले की होते सवय."

हशा असा उसळला की मांडवाच्या फडफडीचा आवाज बुडाला. हेमाही हसली. काय करणार होती बिचारी? सगळे तिच्याकडेच बघत होते.

संध्याकाळी पाच वाजता वारा पडला. पुण्याला विमान परत न्यायचं होतं, आम्ही दोघंच. निघण्याआधी ती खाली वाकून चाकं तपासत होती. "सर, डावा टायर बघा," म्हणाली. टायर एका अंगानं घासून आतले धागे दिसत होते. विमान पट्टीला आडवं घसरत टेकलं होतं, त्याची ती खूण. मी म्हणालो, "पुण्यात बदलून घेऊ," आणि फेटा मागच्या खुर्चीवर ठेवला.

वर गेल्यावर दहा मिनिटं ती काटे तपासत होती. मग म्हणाली, "सर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"तुम्हाला खात्री होती? की उतरेल म्हणून?"

"होती."

"मला वाटलं आपण गेलो."

"तुला तसं वाटणारच. मला दिसत होतं, तुला अजून दिसत नाही. तासांचा फरक आहे."

"पण काय दिसत होतं?" तिच्या स्वरात कुरबुर नव्हती. शिकणाऱ्या माणसाचा प्रश्न होता तो, तिचा नेहमीचा. "भोंगा वाजला, मी फिरा म्हणाले, तिथपर्यंतचं सगळं मला पाठ आहे. पुढच्या तीन सेकंदांत तुम्ही काय केलंत ते मला कळलंच नाही. पाय हललेला दिसला नाही, हात हललेला दिसला नाही. तरी विमान बसलं. ते मला शिकायचंय, सर."

आता काय सांगावं? कबूल करायचं तर दुपारचा फेटा उतरवावा लागत होता. आणि कबूल न करता गप्प बसावं तर ती गप्प बसू देणाऱ्यातली नव्हती. मी समोरच्या ढगांकडे बघत एक नियम तयार केला. बसल्या जागी, लोक पत्रिका बघून भविष्य तयार करतात तसा.

"वाऱ्याला लय असते," मी म्हणालो. "झोत मोजायचे. तीन मोठे झोत आले की चौथ्याच्या आधी एक पोकळी येते. तीन-चार सेकंदांची. त्या पोकळीत विमान ठेवायचं. आज मी तिसरा झोत जाऊ दिला आणि थांबलो. हलायचं नाही, घाई करायची नाही. म्हणून तुला काही दिसलं नाही."

"पुस्तकात नाही हे."

"पुस्तकात सगळं असतं तर कॅप्टनची गरज काय?"

तिनं वही काढली आणि लिहून घेतलं. लिहिताना तिची जीभ दाताखाली यायची, तशी आली. मग वही मिटून म्हणाली, "सॉरी सर. मी उगाच ओरडले."

"होतं असं. पुढच्या वेळी 'फिरा' म्हणायच्या आधी जरा विचार कर. मागे माणसं बसलेली असतात."

हे मी बोललो. ज्या मुलीनं त्या दुपारी त्या विमानात एकटीनं आपलं काम नीट केलं होतं, तिला बोललो.

चार दिवसांनी बापूसाहेबांचा फोन आला. "त्या ताईंना डाव्या खुर्चीत बसवताय म्हणे. घाबरट आहे हो पोरगी. जरा थांबलात तर?" मी तिची बाजू जोरात घेतली. माझ्या हातची तयार झालेली आहे, माझी जबाबदारी, असं छातीठोकपणे सांगितलं आणि कागदावर सही केली. ते औदार्य मला फार आवडलं होतं. तिला बोलावून मी हेही सांगितलं, की साहेबांचा विरोध होता, मी शब्द टाकला म्हणून झालं, आता माझं नाव राख. तिनं इचलकरंजीहून वडिलांनी पाठवलेली पेढ्यांची पुडी माझ्यापुढे ठेवली आणि वाकून नमस्कार केला.

सही केल्याला पंधरा दिवस झाले. मृग लागून आठवडा लोटला तरी पाऊस नव्हता, वारा तेवढा वेळेवर आला होता. बापूसाहेबांना दुसऱ्या दिवशी गव्हाणीहून मुंबईला जायचं होतं, म्हणून पुण्याहून रिकामं विमान न्यायचं होतं. एका वैमानिकावर चालतं ते, मागे साहेब नसले की आम्ही दुसरा नेत नसू. मी माझ्या मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात होतो. हेमाला म्हणालो, "तू जा एकटी. सवय होईल. मी रात्री गाडीनं गव्हाणीला येतो." मठ्ठ्याचा पेला हातात असताना मला ऑफिसातून फोन आला.

विमान उतरता उतरता डाव्या अंगाला उलटलं होतं. धावपट्टीच्या कडेच्या बांधावर आदळलं होतं. आत एकटी तीच होती, जागीच गेली.

काय झालं ते मला ज्ञानूमामानं सांगितलं. तिसऱ्या दिवशी, त्याच धावपट्टीवर, बांधावर बसून. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

"म्या सांगितलं ओ ताईस्नी. तीस मारतोय म्हनलं, कोल्लापूरला जावा म्हनलं. त्या म्हनल्या, मामा, मला एक काम करा. मोठा झोत आला की मोजून सांगा. म्हनलं, कशापायी? तर म्हनल्या, तीन झालं की मधी फट असती, सरांनी दावलीया."

"मग?"

"मग मी मोजलं की. विजारीकडं बघून मोजलं. एक म्हनलं. दोन म्हनलं. तीन म्हनलं." त्यानं पागोट्याच्या सोग्यानं तोंड पुसलं. "त्या आल्या. आन फट काय आलीच न्हाई सायेब. तिसऱ्याच्या पाटोपाट चवथा आला. माजं मोजायचं चुकलं का ओ? त्यो तिसरा न्हवताच का?"

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हणालो. त्या सगळ्या प्रकरणात माझ्या तोंडून निघालेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं, आणि त्याला ते खरं वाटलं नाही.

चौकशीला जो अधिकारी आला तो सभ्य, मृदू बोलणारा होता. त्यानं ज्ञानूमामाचा जबाब माझ्यापुढे ठेवला. "कॅप्टन उपासनी, तीन झोतांनंतर पोकळी येते, असा काही नियम आहे?"

"नाही. असा कुठलाही नियम नाही."

"तिला कुणी शिकवलं असेल?"

"कल्पना नाही. तरुण मुलं एकमेकांत काहीबाही बोलतात."

"राखणदार म्हणतो, 'सरांनी दाखवलं' असं ती म्हणाली."

"त्याला ऐकू कमी येतं. वाऱ्यात तर विचारूच नका."

त्यानं लिहून घेतलं. अहवाल दोन महिन्यांनी आला. वैमानिकानं मर्यादेबाहेरच्या आडव्या वाऱ्यात उतरण्याचा निर्णय घेतला, हे अपघाताचं कारण. वैमानिकाची चूक. खाली शिक्का.

अहवालाची प्रत घेऊन तिचे वडील पुण्याला माझ्या घरी आले. दत्तोबा सातपुते. पांढरा सदरा, गांधी टोपी, आयुष्यभर यंत्रमागाच्या खडखडाटात उभं राहिल्यामुळे जरा मोठ्यानं बोलणारे. माझ्या बायकोनं चहा दिला तो त्यांनी बशीत ओतून घेतला, पण प्यायले नाहीत.

"सर, ह्या कागदात तिची चूक हाय म्हनून लिवलंय म्हनं. वकिलानं वाचून दावलं."

"हो."

"तिनं घरला येऊन तुमचं लई सांगितलं हुतं. सर असं उतरले, सर तसं उतरले. फेटा बांधला म्हनली. मला म्हनली, आप्पा, मला सरांगत व्हायचंय." त्यांनी पिशवीतून तिची वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरा चेपलेली. "तिच्या सामानात ही घावली. सगळं इंग्लिशमधी हाय. आमच्या घरात इंग्लिश वाचनारी ती एकटीच. वकिलाला दावायला मन झालं न्हाई. म्हनलं सरांनाच दावू. शेवटच्या पानावर काय लिवलंय तेवढं वाचून दावा."

मी वही उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर धावपट्टीचं चित्र होतं, पश्चिमेकडून येणारे बाण होते, आणि एक वाकडी रेघ, आमच्या उतरण्याची, फूट आणि वेग लिहून. तीनशे, दोनशे, शंभर. भोंगा वाजला ती जागा फुलीनं दाखवलेली. त्याखाली दोन ओळी: 'सरांचा नियम. तीन झोत, मग पोकळी.' आणि त्याखाली लहान अक्षरात, 'सर त्या तीन सेकंदांत अजिबात हलले नाहीत. एवढी शांतता मला कधी येईल?'

शांतता! मी गोठलो होतो. तिनं पहिल्यांदा 'गो-अराऊंड' म्हटलं तेव्हा माझा उजवा हात इंजिनांच्या दांड्यांवर होता आणि तो पुढे जात नव्हता. हाताला जा म्हणत होतो आणि हात ऐकत नव्हता. अकरा हजार तासांत असं कधी झालं नव्हतं, त्या दिवशी झालं. त्या तीन सेकंदांत विमान कुणीच चालवत नव्हतं. वारा पडला म्हणून आम्ही वाचलो, पडला नसता तर बापूसाहेबांची एकसष्ठी आणि दहावा एकाच मांडवात झाला असता. हे जगात एका माणसाला माहीत होतं, आणि तो वही हातात धरून बसला होता.

"काय लिवलंय?" दत्तोबांनी विचारलं.

मी चष्मा पुसला. पुन्हा घातला.

"लिहिलंय की..." मी म्हणालो, "वारा फार असेल तर उतरायचा हट्ट करू नये. परत फिरावं. कोल्हापूरला जावं."

"असं तिनं लिवलंय?"

"हो. मी शिकवलं होतं तिला."

दत्तोबा त्या पानावर वाकले. वाकड्या रेघेवरून त्यांनी अंगठा फिरवला, कापडातला तुटलेला धागा शोधावा तसा.

"म्हंजे तिला ठावं हुतं," ते म्हणाले. "तुमी शिकीवलं हुतं, तिनं लिवून घेतलं हुतं, आन तरीबी ऐकलं न्हाई."

मी होकारार्थी मान हलवली.

"लहानपनापासनं हट्टी. आईचं ऐकलं न्हाई, माजं ऐकलं न्हाई. मला वाटलं हुतं, गुरूचं तरी ऐकंल." त्यांचा आवाज एवढा मोठा होता, की आत स्वयंपाकघरात माझी बायको रडायला लागली. ते उठले. त्यांनी टोपी काढून काखेत धरली आणि माझ्यापुढे दोन्ही हात जोडले. "सर, तुमी तिच्यासाठनं एवढं केलं. सायबांपाशी शबूद टाकला. आन तिनं तुमचं इमान मोडलं, तुमच्या नावाला बट्टा लावला. तिच्या वतीनं मी माफी मागतो. पोरीला माफ करा."

मी त्यांचे जोडलेले हात माझ्या हातात घेतले.

"असू द्या," मी म्हणालो.